गरम झाली की चालू न होणारी जुनी बुलेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी पहिल्या किकला सुरू होणारी गाडी दुपारी रस्त्यावर चाळीस किका मारूनही हलत नाही, अशी तक्रार लोक मला वर्षानुवर्षं कळवत आले आहेत. बहुतेकांकडे कास्ट आयर्न इंजिनाची, पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं) आणि कंडेन्सर (तो काय करतो ते प्रश्न ७ मध्ये) असलेली बुलेट ३५० असते. ही उत्तरं तिला धरूनच लिहिली आहेत. जावा, येझदी, राजदूतवाल्यांनी प्रश्न १५ आधी वाचावा. मॅग्डायनोवाल्यांसाठी, म्हणजे मॅग्नेटो आणि डायनामो एकत्र असलेल्या जुन्या गाड्यांसाठी, प्रश्न १६ आहे.

सगळ्या उत्तरांमागे एकच गोष्ट आहे, ती आधी सांगतो. हा बिघाड गरम गाडीतच दिसतो आणि गाडी थंड झाली की लपतो. गॅरेजला नेईपर्यंत गाडी निवते, तिथे पहिल्या किकला चालू होते आणि मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलत बसतो. म्हणून प्लग पाना, पक्कड, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), एक जादा प्लग आणि फूटभर वायर गाडीच्या डब्यात ठेवा. गाडी रुसलेली असते ती पंधरा-वीस मिनिटं तपासणीची असतात.

१. थंड असताना एका किकमध्ये चालू होते. मग गरम झाल्यावर असं काय बदलतं?

चालत्या गाडीत हेड आणि बॅरलवरून वारा जात असतो. गाडी थांबली की वारा थांबतो, पण कास्ट आयर्नच्या बॅरलमध्ये साठलेली उष्णता कुठे जात नाही. ती हळूहळू कार्बोरेटरकडे, पॉइंटच्या डब्याकडे आणि टाकीच्या तळाकडे सरकते. म्हणजे इंजिन बंद केल्यावर कार्बोरेटर आधी होता त्यापेक्षा जास्त तापतो. बंद करून लगेच किक मारली तर गाडी चालू होते, तासाभराने मारली तरी होते. बहुधा मधल्या पाच ते वीस मिनिटांतच ती अडते. चहाला आपण नेमका तेवढाच वेळ थांबतो.

या उष्णतेचा मार तीन जागी बसतो. पेट्रोल उकळतं किंवा नको तिथे चढतं. कंडेन्सर किंवा कॉइल आतून सैल पडते आणि करंट मरतो. व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत आणि कंप्रेशन जातं. तुमच्या गाडीत यातलं काय झालंय, हे प्रश्न ३ मधल्या तपासणीने दोन मिनिटांत कळतं.

२. गरम बुलेटला किक मारायची बरोबर पद्धत कोणती? मी थंडीत मारतो तशीच मारतो.

तिथेच अर्धे लोक अडकतात. गरम गाडीला चोक लागत नाही. ॲक्सिलरेटर पंप करायचा नाही. जुन्या कार्बोरेटरला टिकलरचं (दाबून जादा पेट्रोल सोडायचं) बटण असेल तर त्याला हात लावायचा नाही.

हेडलाइट बंद ठेवून चावी लावा आणि अँपिअर मीटरकडे बघत किक हळूहळू खाली दाबा. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. किक कडक लागली की डिकॉम्प्रेशर (सिलिंडरमधलं कंप्रेशन सोडणारा खटका) ओढून तिला जेमतेम थोडं पुढे सरकवा. काटा मध्यावर आलेला दिसेल. डिकॉम्प्रेशर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि मग अंगाच्या वजनाने एकच लांब, सरळ किक मारा. ॲक्सिलरेटर बंदच ठेवायचा, फार तर केसभर उघडा. अर्धवट वीस किकांपेक्षा अशी एक किक जास्त काम करते.

तीन वेळा असं करूनही गाडीने दाद दिली नाही तर किक थांबवा. पुढची प्रत्येक किक आत आणखी पेट्रोल ओढते आणि मूळ बिघाड काय होता ते समजेनासं होतं.

३. पद्धत बरोबर आहे, तरी होत नाही. रस्त्यात आधी काय बघू?

प्लग काढा. तो तापलेला असतो, फडक्यात धरा. टोक पेट्रोलने ओलं आणि वास येणारं असेल तर प्रश्न ४. ठणठणीत कोरडं असेल तर प्रश्न ५.

मग करंट. प्लगला कॅप लावून त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. प्लगचं भोक सोडून लांबच्या फिनवर धरा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेटू शकते. किक मारल्यावर भर उन्हातही दिसणारी निळसर, चटकन तुटणारी ठिणगी हवी, ‘टक’ असा आवाज यायला हवा. बारीक, पिवळी, लालसर ठिणगी असेल किंवा तिसऱ्या-चौथ्या किकला एकदाच पडत असेल तर प्रश्न ६, ७ आणि ८ वाचा.

शेवटी प्लग परत बसवून किक कडक लागेपर्यंत आणा आणि बुटाच्या पायाने तिच्यावर हळूहळू वजन टाकून उभे राहा. चांगलं इंजिन तुम्हाला काही सेकंद तोलून धरतं, मग किक सावकाश खाली जाते. पाय लगेच खाली गेला तर प्रश्न १०. हे करताना चावी बंद ठेवा.

४. प्लग ओला निघतो, पेट्रोलचा भपका येतो. गाडी फ्लड होते म्हणजे नेमकं काय होतं?

आधी ती मोकळी करा. पेट्रोल कॉक बंद, चावी बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, डिकॉम्प्रेशर दाबून सात-आठ किका मारा. आतलं जादा पेट्रोल बाहेर पडतं. प्लग पुसून बसवा, चावी लावा आणि ॲक्सिलरेटर उघडाच ठेवून एक पूर्ण किक. पेट घेतला की लगेच कमी करा आणि कॉक चालू करा.

आता कारणाकडे. मिककार्ब कार्बोरेटरमध्ये चोकचा एक छोटा प्लंजर असतो आणि त्याच्या तळाला रबराची चकती. ती चकती झिजली, कडक झाली की चोक खाली असूनही थोडं पेट्रोल झिरपत राहतं. अशी गाडी थंडीत फार छान चालू होते, मालक खूश असतो, आणि गरम झाली की दरवेळी फ्लड होते. प्लंजर काढून चकतीवर नख दाबून बघा. नख रुतलं नाही तर प्लंजर बदला. मला येणाऱ्या ओल्या प्लगच्या तक्रारींत हे कारण सर्वांत जास्त वेळा निघतं आणि सर्वांत कमी वेळा तपासलेलं असतं.

दुसरं कारण फ्लोटची सुई. तिच्या टोकावर गोल खाच पडली की पेट्रोल पूर्ण थांबत नाही. कॉक चालू ठेवून दहा मिनिटं गाडी उभी करा. ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडले तर सुई आणि तिची बैठक दोन्ही बघायला हवीत. गाडी थांबवण्यापूर्वी शेवटच्या वळणावरच कॉक बंद करण्याची जुनी सवय यासाठीच होती, ती पुन्हा लावून घ्या.

तिसरं, कार्बोरेटर आणि हेडच्या मधलं बेकेलाइटचं जाड पॅकिंग. हेडची उष्णता कार्बोरेटरला लागू नये म्हणून ते असतं. अनेक गाड्यांत कुणीतरी ते काढून नुसता कागदी गॅस्केट टाकलेला सापडतो. मग फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल अक्षरशः उकळतं आणि जेटमधून वर चढून हेडमध्ये उतरतं. पॅकिंग बसवताना दोन्ही नट सारखे आवळा. एकच बाजू जोरात आवळली की कार्बोरेटरचं तोंड वाकतं आणि तिथून हवा शिरते.

५. प्लग कोरडा आहे. टाकीत पेट्रोल आहे, मग जातं कुठे?

टाकीचं झाकण उघडा. ‘स्स’ असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बंद आहे. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा टाकीत यावी लागते. पॉलिश साचून ते छिद्र बुजतं. टाकीला घातलेलं रेक्झिनचं कव्हर घट्ट बसलं तरी तेच होतं, हे मी दोन वेगवेगळ्या गाड्यांत बघितलं आहे.

आवाज आला नाही तर कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा. ताशी ६० च्या वेगाला आणि लिटरला ३५ किलोमीटरच्या ॲव्हरेजला बुलेटला मिनिटाला जेमतेम ३० मिली पेट्रोल लागतं. बाटलीत मिनिटाला १५० मिली सहज पडायला हवं. धार बारीक असेल तर कॉकची जाळी साफ करा. ती गंजाच्या बारीक भुकटीने भरलेली असते.

नळीच्या मध्ये लावलेला मोटारीचा कागदी फिल्टर असेल तर तो काढून बघा. तो पेट्रोल पंप असलेल्या इंजिनांसाठी बनलेला असतो. बुलेटला पेट्रोल नुसतं वजनाने उतरतं, त्याला तो दाब पुरत नाही. शिवाय फिल्टरच्या वजनाने नळी लोंबून हेडच्या फिनांना टेकते, तिथे पेट्रोलची वाफ होते आणि बुडबुडा अडकतो. नळी आखूड ठेवा, हेडपासून लांब ठेवा आणि टाकीपासून सतत उतरती ठेवा. मध्ये कुठेही उंचवटा नको.

६. करंट तर येतोय, मी बघितला. तरी गाडी होत नाही, असं कसं?

बाहेर, मोकळ्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. सिलिंडरच्या आत दाबाखाली तीच ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून बाहेर पिवळी पडणारी ठिणगी आत पडतच नाही. ‘करंट आहे का’ याच्या जोडीने ‘करंट कसा आहे’ हे बघा.

प्लगचा गॅपही मोजा. पॉइंटच्या इग्निशनला ०.५ ते ०.६ मिमी पुरे. दुकानातून आलेल्या नव्या प्लगचा गॅप बरेचदा याहून जास्त असतो. कमकुवत करंटला तो झेपत नाही आणि दोष मात्र कॉइलला लागतो.

७. सगळे म्हणतात कंडेन्सर बदला. कंडेन्सर गेलाय हे ओळखायचं कसं?

माझ्याच गाडीचं सांगतो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढून थांबलो की गाडी चाळीस मिनिटं चालू व्हायची नाही. तीन गॅरेजांत दाखवली, तिन्ही ठिकाणी ती थंड होऊन पोहोचली आणि तिन्ही ठिकाणी ‘गाडीत काही नाही’ हे उत्तर मिळालं. शेवटी एका रात्री अर्धा तास फिरवून आणली, अंगणातला दिवा घालवला, पॉइंटचं झाकण काढलं आणि मुलाला किक मारायला सांगितली. पॉइंटच्या दोन टोकांमध्ये पिवळाधमक जाळ होत होता, काडी ओढल्यासारखा. डब्याची आतली भिंत त्या उजेडात दिसत होती. सकाळी थंड गाडीवर तेच केलं तर टाचणीच्या टोकाएवढी निळी ठिणगी.

हीच ओळख आहे. पॉइंट उघडताना कंडेन्सर तिथला करंट गिळतो, त्यामुळे कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. कंडेन्सर तापून आतून गळायला लागला की पॉइंटवर जाळ होतो आणि प्लगकडे काही उरत नाही. बुलेटमध्ये तो पॉइंटच्या डब्यातच किंवा त्याला लागून बसतो, म्हणजे इंजिनाच्या सगळ्या उष्णतेत. पॉइंटच्या एका टोकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा दिसत असेल तर तीही कंडेन्सरचीच तक्रार समजा.

त्या रात्रीनंतर मी नवा कंडेन्सर आणला आणि तो पहिल्या दिवसापासून तसाच निघाला. पार्ट नवा आहे म्हणून त्याला संशयातून सोडू नका. पुढे जुन्या पद्मिनी मोटारीचा कंडेन्सर लावला. त्यांची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासच असते, ॲम्बेसेडरचाही चालतो. तो मी पॉइंटच्या डब्यात न ठेवता वर कॉइलजवळ, वाऱ्यात बसवला. एक वायर कॉइलच्या त्या टोकाला जिथून पॉइंटकडे वायर जाते, आणि अंग फ्रेमला, रंग खरवडून, पक्कं. जुना कंडेन्सर पूर्ण सोडवला. घाट नंतर अनेकदा चढलो.

रस्त्यात तपासायचं तर हेच तात्पुरतं करा: जुन्याची वायर सोडा, जादा कंडेन्सर बाहेरून जोडा, किक मारा. गाडी गरमच असताना चालू झाली तर उत्तर मिळालं.

८. कॉइल हाताला चटका देते इतकी तापते. बदलू का?

आधी आठवा, थांबताना चावी चालूच राहिली होती का? पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं आणि चावी चालू राहिली तर कॉइलमधून ३ ते ४ अँपिअर करंट सतत वाहतो. चहा पिऊन येईपर्यंत ती भाजून निघते, आणि असं काही वेळा झालं की आतली वेटोळी कायमची दुखावतात. अँपिअर मीटरचा काटा मायनसला असेल तर गाडीजवळून हलू नका, चावी काढा.

तसं नसेल तर मीटरने गरम कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. १२ व्होल्टच्या कॉइलच्या दोन लहान टोकांमध्ये साधारण ३ ते ४.५ ओहम यावा. ६ व्होल्टची कॉइल असेल तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. कुणी १२ व्होल्टच्या गाडीत ६ व्होल्टची कॉइल घातली असेल तर ती तापणारच. थंड असताना आकडा बरोबर आणि गरम असताना मीटर काहीच दाखवत नसेल, तर आतली तार तुटलेली आहे आणि उष्णतेने तिची टोकं लांब जातात. ती कॉइल संपली.

प्लगची कॅपही मोजून घ्या. रेझिस्टन्सवाल्या कॅपवर बहुधा ५ किलोओहम येतो. जुन्या कॅपमध्ये तो कितीतरी पट वाढलेला सापडतो.

९. पॉइंटचा गॅप किती ठेवायचा आणि तो आपोआप कमी का होतो?

०.३५ ते ०.४० मिमी, पॉइंट पूर्ण उघडलेल्या जागी, फिलर गेजने. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, तसा गॅप कमी होत जातो आणि टायमिंगही मागे सरकतं. मागे सरकलेल्या टायमिंगने इंजिन जास्त तापतं आणि मूळ दुखणं वाढतं. कॅमला घासणाऱ्या फेल्टवर ग्रीसचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. जास्त ग्रीस उष्णतेने पातळ होऊन पॉइंटवर उडतं. पॉइंट साफ करताना पॉलिश पेपर नको, त्याची वाळू टोकांत रुतते. बारीक कानस फिरवा आणि शेवटी कोऱ्या कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून ओढून काढा. पट्टी पांढरी निघाली की झालं.

१०. गरम झाल्यावर किक एकदम हलकी लागते. बोअर करावा लागेल का?

एवढ्यात नाही. हेड उघडण्याआधी दोन फुकटच्या गोष्टी बघा.

पहिली, डिकॉम्प्रेशरची केबल. तिला थोडी ढील हवीच. केबल ताणलेली असेल तर डिकॉम्प्रेशरचा छोटा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कंप्रेशन तिथून निसटतं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ढील राहते का. गळती असेल तर तिथे काळा, तेलकट डाग दिसतो.

दुसरी, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची (पुशरॉड) ढील ठरवणारा भाग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापला की लांबतो. टॅपेट घट्ट असेल तर तो बैठकीवर टेकतच नाही. थंडीत कंप्रेशन असतं, गरम झाल्यावर जातं, ते यामुळे. सेटिंग रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच करायचं. पिस्टन कंप्रेशनच्या स्ट्रोकला सर्वांत वर आणा, बॅरलच्या बाजूचं टॅपेटचं झाकण उघडा. दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज गोल फिरायला हवेत, पण वर-खाली हलता कामा नयेत. एक्झॉस्टचा इनटेकपेक्षा किंचित मोकळा ठेवा. टॅपेटचा आवाज येऊ नये म्हणून ते आवळून देणारे मेकॅनिक असतात. तेवढी टकटक ऐकून घ्या, व्हॉल्व्ह वाचतो.

हे करूनही पाय खाली जात असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा वजन टाका. आता किक धरून राहिली तर रिंग गेल्या. फरक पडला नाही तर व्हॉल्व्हची बैठक. बोअरचा निर्णय त्यानंतर.

११. गरम असताना किक उलटी मारते. पाय सुजला.

ही गोष्ट हलक्यात घेऊ नका, घोटा मोडतो. थंडीत मारत नाही आणि गरममध्ये मारते याचा अर्थ बहुधा पॉइंटच्या मागचं ॲडव्हान्स युनिट (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) पुढच्या जागी अडकतंय. त्याच्या स्प्रिंगा सैल होतात किंवा वजनांच्या पिना गंजतात. खूण अशी की ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन थोडा वेळ चढ्या रेसवर राहतं आणि मग एकदम खाली येतं. युनिट खोलून साफ करा, एक थेंब पातळ तेल, स्प्रिंगा बदला. तोपर्यंत बूट घालून, गुडघा किंचित वाकवून आणि प्रश्न २ मधल्या पद्धतीनेच किक मारा.

१२. ई२० पेट्रोल आल्यापासून त्रास वाढला असं वाटतं. खरं आहे का?

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांपुरतं, हो. ६ फेब्रुवारी २०२३ ला ई२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते पंपावरचं नेहमीचं पेट्रोल झालं. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमधल्या हलक्या भागांत मिसळलं की मिश्रणाचा बराच मोठा भाग त्याहून कमी तापमानालाच वाफ होतो. म्हणून फ्लोटच्या वाटीतलं उकळणं वाढतं. बेकेलाइट पॅकिंग आणि नळीची वाट, म्हणजे प्रश्न ४ आणि ५, आता जास्त महत्त्वाचे झाले आहेत.

दुसरा परिणाम मिश्रणाचा. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर इंजिन पातळ मिश्रणावर चालतं आणि जास्त तापतं. प्लगचं पोर्सेलिन पांढरंफटक दिसत असेल तर जेटच्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, सुई तेवढी वर येते. पुरलं नाही तर मेन जेट एक नंबर मोठा.

जुन्या रबरी नळ्या आणि कॉकचे वॉशर फुगतात किंवा चिकट होतात, ते आधीच बदला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणात पावसाळाभर उभी राहणारी गाडी असेल तर फ्लोटची वाटी रिकामी करूनच झाकून ठेवा.

१३. महागडं पॉवर पेट्रोल टाकलं तर फरक पडेल?

नाही. बुलेट ३५० चं कंप्रेशन इतकं कमी आहे की जादा ऑक्टेनचा तिला उपयोग नाही. ते पैसे नव्या नळीवर घाला. प्लगच्या बाबतीत मात्र सावध राहा. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये उलटं. आकडा बघून अदलाबदल केली की घाटात प्लग नको तेवढा तापतो.

१४. इंजिनावर पाणी ओतलं तर लवकर चालू होते, असं एकाने सांगितलं.

हेडवर, बॅरलवर कधीही ओतू नका. तापलेल्या कास्ट आयर्नवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. ओलं फडकं फक्त कार्बोरेटरच्या वाटीवर आणि पेट्रोलच्या नळीवर गुंडाळा. पाच मिनिटांत गाडी चालू झाली तर दोष पेट्रोलच्या वाफेचा, हेही कळलं. तसंच फडकं नुसत्या कॉइलवर ठेवून चालू झाली तर कॉइलचा. एका वेळी एकच गोष्ट गार करा, म्हणजे कोण दोषी ते ठरतं.

१५. माझी येझदी आहे. टू-स्ट्रोकला हेच सगळं लागू होतं का?

पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, पेट्रोल, हे सगळं तसंच. टॅपेट नाहीत, त्यामुळे प्रश्न १० मधला तो भाग सोडा. त्याच्या जागी क्रँकचे ऑइल सील आहेत. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबलं जातं. सील कडक झाले की ते दाबणं नीट होत नाही, आणि गरम इंजिनात किकच्या मंद वेगाला तर मुळीच नाही. क्लचकडचं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर येतो आणि ऑइलची पातळी कारण नसताना उतरते. दुसऱ्या बाजूचं गेलं की हवा शिरते आणि रेस आपोआप चढी राहते.

म्हैसूरला १९६१ ते १९९६ या काळात बनलेल्या जावा-येझदी गाड्या आता वयाने मोठ्या आहेत. सील एकदाही बदललेले नसतील तर नुसतं वय हेच कारण पुरेसं समजा. सायलेन्सरचा आतला भाग काढून कार्बन जाळून घ्या. जिकोव्ह कार्बोरेटरचा टिकलर गरम गाडीला दाबू नका, एका दाबात प्लग ओला होतो. जावा ३५३ मध्ये कार्बोरेटर आवरणाखाली असतो, तिथे उष्णता कोंडते. थांबल्यावर ते आवरण काढून ठेवलेलं बरं.

१६. बीएसए आहे, मॅग्डायनोवर चालते. कंडेन्सर दिसतच नाही.

तो आत, फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये असतो. गरम झाल्यावर करंट मरणं हे या जुन्या मॅग्नेटोंचं प्रसिद्ध दुखणं, आणि कारण बहुतेक वेळा तो कंडेन्सर किंवा आर्मेचरच्या वेटोळ्यांवरचं मऊ पडलेलं जुनं इन्सुलेशन. हे घरी करण्याचं काम नाही. आर्मेचर नव्याने वाइंड करणाऱ्याकडेच द्या आणि कंडेन्सरही त्याच वेळी बदलून घ्या.

१७. ढकलली की लगेच चालू होते, किकवर नाही. याचा काय अर्थ?

ढकलताना इंजिन एका किकपेक्षा जास्त वेळ फिरतं, सलग फिरतं. जादा पेट्रोल निघून जातं, थोडी गळणारी रिंगही चालून जाते. म्हणजे बिघाड काठावरचा आहे, पूर्ण नाही. कंप्रेशन (प्रश्न १०) आणि फ्लड होणं (प्रश्न ४) आधी बघा.

१८. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर एकदाचं सुटेल का?

पॉइंट आणि कंडेन्सरचा त्रास सुटेल. कॉइल, पेट्रोल, टॅपेटचा सुटणार नाही. त्यामुळे आधी दोष शोधा. बसवलंच तर बॅटरी चांगली हवी, उतरलेल्या बॅटरीवर ही किट पॉइंटपेक्षा आधी हात टेकतात. मी स्वतः पॉइंटवरच राहिलो आहे. आंबोलीच्या पावसात पॉइंट मी कागदाच्या पट्टीने दुरुस्त केले आहेत, सील केलेला डबा मला तिथे उघडता आला नसता.

१९. कंडेन्सर, कॉइल, पॉइंट, प्लग, कार्बोरेटर, सगळं नवं टाकलं. तरी तेच. आता?

वायरिंग. हेडलाइटच्या कॅस्केटमधला (हेडलाइटभोवतीच्या धातूच्या आवरणातला) चावीचा स्विच आणि त्यामागचे जोड वर्षानुवर्षं गंजलेले असतात. गरम झाल्यावर तिथे व्होल्टेज पडतं. मीटर असेल तर गाडी गरम असताना, चावी लावून, पॉइंट मिटलेले ठेवून बॅटरीवर आणि कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकावर व्होल्टेज मोजा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. एक व्होल्ट गेला तरी करंट लक्षात येण्याइतका कमी होतो.

मीटर नसेल तर डब्यातली ती फूटभर वायर काढा. पुरली नाही तर तिला जोड द्या. चावी बंद ठेवून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या त्याच टोकापर्यंत सरळ जोडा आणि किक मारा. ज्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला जोडलेलं असतं, तिथे ही वायर निगेटिव्हवरून घ्यायची. गाडी एका किकला चालू झाली तर पाच-सहा नवे पार्ट निष्पाप होते, दोष स्विचचा. गाडी बंद करायला वायर काढावी लागेल, चावीने ती बंद होणार नाही. घरी पोहोचल्यावर ती वायर लगेच सोडा, नाहीतर सकाळपर्यंत बॅटरी उतरलेली आणि कॉइल भाजलेली सापडेल.